ओ देणारी माणसं

दिंद्रुडच्या एसटीत माझ्या शेजारी कापूस वेचून परतणारी एक म्हातारी बसली होती. तिच्या बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे होते, आणि काम संपलं तरी ती बोटं मांडीवर काहीतरी वेचतच होती. मी पुण्याहून ब्लूज संगीतावरचं दोन दिवसांचं शिबिर करून नुकताच आलो होतो. त्यामुळे बीड जिल्ह्याला शहाणं करण्याची जबाबदारी माझ्यावरच येऊन पडली होती.

मोबाइलवर गाणं लावून मी सुरू केलं, "मावशी, अमेरिकेत काळ्या लोकांना गुलाम करून कापूस वेचायला लावायचे. शेतात एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची. त्यातूनच पुढं हे गाणं जन्मलं." सूर मुद्दाम खाली कसा ओढतात, हेही मी गळा काढून दाखवलं. कंडक्टरनं वळून पाहिलं. कौतुकानंच पाहिलं असणार.

म्हातारीनं मोबाइलला कान लावला. गायकाची ओळ संपली की गिटार उत्तर द्यायची. तिसऱ्या ओळीला तिची बोटं थांबली.

"आमी वेचाया आपापली पात धरली की एकजन गानं म्हनती अन् बाकीच्या ओ देत्यात," ती म्हणाली. "हितं हाक मानूस देतोय अन् ओ वाजंत्रं देतंय. ह्याच्या संगं वेचनारी मानसं कुटं गेली रं बाबा?"

शिबिरात हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळालं होतं.