जगप्रसिद्ध सहावा चेहरा

हसायचं तर खुशाल हसा, पण आमच्या ताईसमोर हा विषय काढू नका, एवढंच सांगून ठेवतो. मी जो घोळ घातला ना राव, तो घालायला लोकांना निदान दारू तरी प्यावी लागते. मी पूर्ण शुद्धीत होतो!

मी फोटोग्राफीचा कोर्स करतोय. सरांनी पेन ड्राइव्ह दिला, त्यात जगप्रसिद्ध पोर्ट्रेट. म्हणाले, "प्रिंट काढा, भिंतीवर लावा आणि प्रत्येक चेहऱ्याखाली मनात येईल ते लिहा. कोण, कुठला, नेटवर शोधायचं नाही. फक्त चेहरा वाचायचा."

आता पेन ड्राइव्ह एकदा उघडून बघावा की नाही माणसानं? मी तो तसाच काळेवाडीत सलीमभाईंच्या दुकानात दिला. "भाई, जे असेल ते सगळं ब्लॅक अँड व्हाइट. मोठं!"

त्याच दिवशी आईनं ताईला बघायला येणाऱ्या मुलाचा फोटो सलीमभाईंना व्हॉट्सअ‍ॅप केला. तळेगावच्या मामाला दाखवायचा होता आणि मामाकडे साधा फोन. "माझं पोरगं येईल, त्याच्याकडे द्या," म्हणाली. सलीमभाई शब्दाचे पक्के. सगळं म्हणजे सगळं. नवरामुलगा पण ब्लॅक अँड व्हाइट, मोठा!

घरी आल्यावर आईनं विचारलं, "आणलास का रे फोटो?"

"आणले की!"

"राहू दे तुझ्याकडेच, मामा आला की दाखवू." झालं. दोघं खूश.

तुम्ही म्हणाल, मुलाचा फोटो आधी बघितला नव्हता का? नव्हता ना! आई दहा वेळा मोबाइल पुढे करायची आणि मी म्हणायचो, "रविवारी प्रत्यक्षच येतोय, तेव्हा बघू." त्याआधी सात मुलं येऊन पोहे खाऊन गेली होती, माझा इंटरेस्ट संपला होता. ताईचा मात्र पहिल्यांदाच सुरू झाला होता. याच्याशी फोनवर दोनदा बोलली आणि आईला म्हणाली, "हा बरा वाटतोय गं." आमची ताई सहसा कुणाला बरं म्हणत नाही. त्यामुळे आईनं त्या 'बरा'वर देवाला नारळ बोलून ठेवला होता.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "हॉलच्या भिंतीला ओल आलीय, त्यावर काहीतरी लाव." चिखलीतल्या आमच्या बिल्डिंगला बाराही महिने ओल असते. मी सहाच्या सहा प्रिंट लावल्या, खाली माझ्या चिठ्ठ्या. ओल गायब! आई चष्म्याशिवाय लांबूनच म्हणाली, "छान दिसतंय."

पाहुणे आले. मुलगा निलेश, चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. चष्मा, गुळगुळीत दाढी, हसरा. बरोबर आई-वडील. बाबा खाली पाहुण्यांची गाडी लावून देत होते, आई किचनमध्ये, ताई आतल्या खोलीत. हॉलमध्ये मी एकटा. घात तिथंच झाला.

निलेशचे वडील भिंतीकडे बघून म्हणाले, "घरातली गेलेली मंडळी का?"

"नाही काका, जगप्रसिद्ध पोर्ट्रेट आहेत!" आणि मी सुटलोच. या म्हातारीच्या सुरकुत्या बघा, या पोराची मूठ बघा... "आणि हा माझा सगळ्यात आवडता!"

बोट सहाव्यावर. काका चष्मा वर करून माझी चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागले. "हा माणूस युद्ध हरून आलाय. डोळ्यांत झोप नाही, आणि आशा तर त्याहून नाही. याचं लग्न झालेलं असावं आणि ते फसलेलं असावं. आज तो हयात नाही, पण कान अजून जिवंत वाटतात."

काकांचा आवाज बारीक झाला. "कोण म्हणायचे हे?"

"असेल कुणी खाणकामगार. सुटला बिचारा!"

निलेश खोकला. काकू उठल्या, फोटोजवळ गेल्या, मुलाकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं.

"अहो, हा आपला निल्या आहे!"

मी बघितलं. चष्मा काढा, दाढी वाढवा, हसू पुसा. अरे देवा, कान तेच की!

तेवढ्यात आई पोह्यांचा ट्रे घेऊन आली. "काय झालं?"

"काका, ते कलेच्या दृष्टीनं..."

"तुमच्या कलेनं पोरगा मारला की हो माझा!"

आईनं ट्रे ठेवला, चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं की आता सातवा फोटो माझाच लागणार. गोंधळ ऐकून ताई न बोलावता बाहेर आली. तिनंही वाचली. तिचा चेहरा पडला हो! एकच मुलगा आवडला होता तिला, आणि तो मी भिंतीवर मारून टाकला होता.

निलेश उठला. मला वाटलं, चालला.

"तसं फार चुकलेलं नाहीये," तो म्हणाला. "कंपनीच्या आयकार्डचा फोटो आहे. सलग पाच थर्ड शिफ्ट करून सकाळी रांगेत उभा होतो. त्या दिवशी मी खरंच हयात नव्हतो."

"सांगत होते मी, दुसरा पाठव म्हणून!" काकू.

"फक्त लग्नाचं तेवढं चुकलंय. ते अजून व्हायचंय."

"आणि फसायचंय," ताई म्हणाली.

आणि दोघं जे हसत सुटले! पोहे गार झाले तरी थांबेनात.

महिन्याभरात बोलणी झाली. काका म्हणाले, "आम्हाला देणंघेणं नको, मानपान नको. अट एकच."

काकांनी माझ्याकडे बघितलं.

"लग्नाचा फोटोग्राफर आमचा."

"मान्य!"

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? आमची ताई!