बिनमेणाची गाठ

आमचे हे हळू बोलतात. किती हळू? तर घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, ह्यांचा घसा बसलाय. चाळीस वर्षं ह्यांनी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत बाइंडर म्हणून काढली. बाइंडिंगची खोली तळघरात, वाचनकक्षाच्या बरोब्बर खाली. पहिल्याच दिवशी तेव्हाच्या ग्रंथपालांनी ह्यांना बजावलं, "आवाज वर येता कामा नये." झालं! ह्यांनी ते इतकं मनावर घेतलं की घरातसुद्धा आवाज चढेना. स्वयंपाकघरात पाल पडली तरी हे कानाशी येऊन कुजबुजणार, "अगं, पाल." तोवर पाल माझ्या पायावर. दोघांच्या वाटचं बोलायचं काम मग माझ्याकडेच आलं आणि मी ते काही वाईट केलेलं नाही.

मीही त्याच युनिव्हर्सिटीत, परीक्षा विभागात टायपिस्ट. मधे फक्त एक अंगण. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी ऐकीव सांगत नाहीये.

ह्यांना गर्व कशाचाच नव्हता, एक गोष्ट सोडून. "मी शिवलेल्या पुस्तकाची गाठ सुटत नाही," असं म्हणायचे. पुठ्ठा फाटेल, पानं उंदीर खातील, पण गाठ जागेवर. आणि खरंच होतं ते. दोरा हातात घेतला की आधी मेणाच्या वडीवरून दोनदा सर्रकन ओढायचा, मग सुईत. इतकी सवय, की शर्टाचं बटण लावतानाही मेण. मी म्हणायचे, "अहो, बटण लावताय की पंचांग बांधताय?" हे हसायचे. तेही बिनआवाजाचं.

निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा खोलीत काम उरलं नव्हतं. प्रबंध सगळे कॉम्प्युटरवर जमा व्हायला लागले. ह्यांच्यानंतर खोलीत झेरॉक्सचे कागद ठेवायचे असं ठरूनही गेलं होतं. हे मात्र पुस्तकं दाबायच्या त्या रिकाम्या प्रेसचा दांडा रोज पुसायचे. ते बघून माझाच जीव कासावीस व्हायचा.

अशात एक दिवस एक पोरगी आपला अहवाल बांधून घ्यायला खाली आली. ती उपग्रहवाल्यांपैकी. आमच्या युनिव्हर्सिटीतली वीसेक पोरं पाच वर्षांपासून एक उपग्रह बनवत होती. जुनी पोरं पास होऊन जायची, नवी यायची, उपग्रह तिथेच. आम्ही परीक्षा विभागातल्या बायका त्यांची यथेच्छ चेष्टा करायचो. उपग्रह म्हणजे काय, तर चहापत्तीच्या डब्याएवढा एक चौकोनी डबा! मी तर म्हणायचे, अभ्यास टाळायला पोरांना काहीतरी निमित्त लागतं. ह्या पोरीकडे डब्यातलं विजेचं काम होतं. केस कायम पेन्सिलीने वर खोचलेले, म्हणून मी तिला पेन्सिलवाली म्हणते.

हे तिच्या अहवालाचा शेवटचा टाका घेत होते. गाठ मारली, ओढली, दोरा कापला. पोरगी बघतच राहिली. म्हणाली, "काका, ही गाठ हादरली तर सुटेल?"

"नाही," हे म्हणाले.

"खूप हादरली तर?"

"नाही."

पोरगी तिथेच स्टुलावर बसली आणि तिने आपलं रडगाणं सांगितलं. त्यांच्या डब्याला दोन अँटेना होत्या, सुताराच्या मेजरिंग टेपसारख्या पोलादी पट्ट्या. त्या दुमडून, तंगुसाने, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याने, डब्याला बांधून पाठवायच्या. वर गेल्यावर तंगुसाशेजारची एक बारीक तार तापणार, तंगूस वितळून तुटणार आणि पट्ट्या फटकन उघडणार. त्या उघडल्या तरच डबा बोलणार. नाही उघडल्या तर पाच वर्षांचं काम वर मुकं फिरत बसणार. पण आधी जमिनीवर, रॉकेटसारखे हादरे देणाऱ्या टेबलावर चाचणी व्हायची होती. तिथे पोरांची गाठ दोनदा सैल पडली होती आणि पट्ट्या टेबलावरच उघडल्या होत्या. तिसऱ्यांदा तसं झालं तर रॉकेटमधली जागा दुसऱ्या कोणाला तरी जाणार होती.

"काका, शिकवाल ही गाठ?"

"शिकायला तीन वर्षं लागतील," हे म्हणाले, "बांधून देतो."

मला संध्याकाळी कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. "लोक सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे, तुम्ही तंगुसावरून निघालात!" पण ह्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला होता, म्हणून पुढचं गिळलं.

ह्यांनी गाठ बांधली. टेबल असं थडथडलं म्हणे, की पोरांनी कानात बोटं घातली. गाठ तसूभर हलली नाही. मग साध्या खोलीत तार तापवून बघितली, पट्ट्या फटकन उघडल्या. पोरांनी ह्यांना अक्षरशः डोक्यावर घेतलं. हे घरी आले ते दोन इंच उंच होऊनच.

आठ दिवसांनी थंडीची चाचणी झाली. हवा काढून टाकलेल्या पेटीत डबा ठेवायचा, वर असते तशी कडाक्याची थंडी करायची आणि मग तार तापवायची. तापवली. पट्ट्या उघडल्या नाहीत. पुन्हा तापवली. नाहीत. डबा सुपूर्द करायला सोळा दिवस राहिलेले. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गाठीवर कोणाला शंकाच नव्हती. ती तर हादऱ्यांत पास झाली होती, साध्या खोलीत उघडली होती. मग दोष कोणाचा? तारेला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा. पेटी पुन्हा गरम होता होता पट्ट्या उघडल्या, म्हणून सगळ्यांना वाटलं, वीज कमी पडली आणि तंगूस उशिरा तुटला. आणि सर्किट कोणाचं? पेन्सिलवालीचं. चार दिवसांत त्या पोरीने ते सर्किट तीनदा काढून पुन्हा जोडलं. एकदा मला अंगणात दिसली तर डोळे सुजलेले. मी विचारलं तर म्हणाली, "काकू, माझ्यामुळे सगळं अडलंय."

पाचव्या दिवशी ह्यांना नवी गाठ बांधायला बोलावलं. तिथे ट्रेमध्ये जुन्या तंगुसाचे तुकडे पडले होते. ह्यांनी एक उचलला, भिंगाखाली धरला, मग नाकाशी नेला. मेणाचा वास.

पोरीने ह्यांना कोरा, पुसून स्वच्छ केलेला तंगूस दिला होता. चाळीस वर्षांच्या हातांनी तो न विचारता वडीवरून दोनदा ओढला होता! तंगूस वितळला होता, तुटलाही होता. पण मेण पातळ होऊन पट्टीखाली गेलं, तार बंद पडताच थंडीत गोठलं आणि पट्टी डब्याला चिकटून बसली. साध्या खोलीत ते मऊच राहिलं होतं, म्हणून तिथे काही कळलं नाही.

हे त्या दिवशी गाठ न बांधताच घरी आले. "बरं वाटत नाही," असं सांगून. चहा गार झाला तरी कपाला हात नाही. मी चारदा विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, मेण." आणि सगळं सांगितलं.

आता मी काय म्हणाले ते सांगते. लपवून काय करू? मी म्हणाले, "गप्प बसा. उद्या बिनमेणाची बांधा. उघडेल. कोणाला कळतंय? निवृत्तीला चार महिने राहिलेत, आता कशाला तोंड काळं करून घेताय?"

ह्यांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, "त्या पोरीने तीनदा सर्किट उसवलंय."

मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की मी उठून भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ह्यांच्याबरोबर गेले. प्रयोगशाळेत सगळी पोरं टेबलाभोवती, मधे त्यांचे सर. हे म्हणाले, "मेण मी लावलं." कोणालाच ऐकू गेलं नाही. सर म्हणाले, "काय काका? जरा मोठ्याने." हे पुन्हा म्हणाले. मागच्या पोरांनी विचारलं, "काय म्हणतायत?" तिसऱ्यांदा ह्यांनी मान वर केली. आवाज फाटला, पण निघाला. "सर्किट चांगलं आहे. मेण मी लावलं. चूक माझी."

सरांनी तुकडा हातात घेतला, तोही हुंगला. त्यांचा चेहरा उतरला. "काका, हे मेण वर गेलं असतं तर त्याची वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर बसली असती," एवढंच म्हणाले. ह्यांनी मान खाली घातली. माझ्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या, पण तेवढ्यात पेन्सिलवाली पुढे आली आणि ह्यांचा हात धरून ढसाढसा रडायला लागली. "काका, मला वाटलं मला काही येतच नाही!" आता बोला. पाच दिवस जिचा जीव टांगणीला लावला, तीच आभार मानत होती.

"पुन्हा बांधाल?" सरांनी विचारलं.

"बिनमेणाची कधी बांधली नाही," हे म्हणाले. "आठ दिवस द्या."

ते आठ दिवस आमच्या घराने काय सोसलं ते घरालाच ठाऊक. तंगूस म्हणजे महा बिलंदर वस्तू. मेण नसेल तर बोटातून निसटतो, गाठ मारली की मागच्या मागे उलगडतो. ह्यांच्या बोटांच्या भेगांतही मेण मुरलेलं. गरम पाण्याने, सोड्याने हात घासून घासून कातडं सोलवटून घेतलं आणि वर पातळ हातमोजे चढवले. कपाटाच्या मुठी बांधल्या, खुर्चीचे पाय बांधले, माझ्या चपलांची जोडी एकमेकींना बांधली. एका सकाळी मी घाईत पाय घातले आणि दारातच कोलमडले. "अहो!" मी ओरडले. हे धावत आले, मला उठवायच्या आधी गाठ तपासली. "धरली गं," म्हणाले. मी अशी भडकले, पण हसूही आवरेना.

शेवटी सापडलं. मेण जे काम करत होतं ते ह्यांनी एका जादा वेढ्यावर सोपवलं. तो वेढा कुठून घ्यायचा हे मला आजही कळलेलं नाही, पेन्सिलवालीला मात्र कळलं. तिने तशा एकतीस गाठी हादरवल्या आणि थंडीत तापवल्या. एकतीसच्या एकतीस धरल्या आणि एकतीसच्या एकतीस सुटल्या.

खऱ्या डब्यावरची गाठ ह्यांनी पांढरा कोट, टोपी, मास्क घालून बांधली. मी काचेबाहेर. अकरा मिनिटं लागली. बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

रॉकेट उडालं ते आम्ही टीव्हीवर बघितलं. मी टाळ्या वाजवल्या, तर हे म्हणाले, "ते दुसऱ्यांचं काम. आपलं अजून व्हायचंय." डबा रॉकेटमधून सुटल्यावर अर्ध्या तासाने तार तापणार होती आणि सकाळी अकरा वीसला तो आमच्या डोक्यावरून जाणार होता. ऐकायची खोली लायब्ररीच्या गच्चीवर, कारण तीच आवारातली सगळ्यात उंच इमारत. हे चाळीस वर्षांत तिथे कधी गेले नव्हते. ह्यांचं सगळं आयुष्य तळघरात.

अकरा वीस. स्पीकरमधून नुसती खरखर. अकरा पंचवीस. खरखर. अकरा एकतीसला सर म्हणाले, "गेला. आता पुढच्या फेरीला, बारा पंचावन्न." कोणी कोणाकडे बघेना. सर सांगत होते की पहिल्यांदा तो अगदी कडेने, टेकड्यांमागून गेला, काळजी नको. पण स्वतः सारखे घड्याळ बघत होते. पेन्सिलवाली भिंतीला टेकून खाली बसली. हे जिन्याच्या कठड्याशी उभे, पांढरेफटक.

"माझी गाठ सुटत नाही गं," म्हणाले. आयुष्यभर जे अभिमानाने सांगितलं, तेच वाक्य! मी ह्यांचा हात धरला. सोलवटलेलं कातडं अजून पुरतं भरलं नव्हतं. "एकतीस सुटल्यात," मी म्हणाले. "बत्तिसावी काय वेगळ्या हातांनी बांधलीत?"

तो दीड तास मी कसा काढला ते विचारू नका. जेवणाचा डबा आणला होता, तो कोणी उघडला नाही.

बारा पंचावन्न. खरखर. सत्तावन्न. खरखर. पेन्सिलवाली एक बटण हळूहळू फिरवत होती. आणि मग खरखरीच्या आतून, लांबून, बारीक: टिट्-टिट्... टिट्-टिट्... आवाज वाढला. स्वच्छ, ठणठणीत, घड्याळासारखा. पडद्यावर आकडे सरकायला लागले. पोरगी वळली, तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून शब्दच फुटेना.

शब्द फुटला तो ह्यांच्या तोंडून.

"सुटलीऽऽ!"

देवा शप्पथ सांगते, असा आवाज मी ह्या माणसाचा लग्नापासून ऐकलेला नाही. खिडकीची तावदानं थरथरली. "सुटली! अगं, सुटली माझी गाठ!" हे नाचत होते, सर नाचत होते, पोरांनी ह्यांना उचलून धरलं होतं आणि मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडत होते. आवाज जिन्यातून खाली गेला, चार मजले उतरून थेट वाचनकक्षात. तिथे सगळ्यांच्या माना वर झाल्या म्हणे.

मिनिटभरात वाचनकक्षाचा शिपाई धापा टाकत वर आला. ह्यांचा बरोबरीचा, एकाच वर्षी नोकरीला लागलेला, पोरांना "शूऽऽ" करण्यात सारी नोकरी गेलेली. दारातूनच गरजला, "कोण ओरडलं? ही लायब्ररी आहे की बाजार?"

पोरं गप्प झाली. स्पीकर तेवढा टिट्-टिट् करत होता. ह्यांनी पोरांच्या खांद्यावरून खाली उडी मारली, कोट सारखा केला आणि शिपायासमोर ताठ उभे राहिले.

"मी," हे म्हणाले. खणखणीत आवाजात. "मी ओरडलो."