गायरान आणि सोयरीक

माझं माहेरचं गाव शहर व्हायला निघालं, त्याला कारण सोयरिकी. सरकारच्या नावानं बोटं मोडायला मला आवडलं असतं. ते सोपं असतं आणि मला त्याची सवयही आहे. पण इथं बोटं मोडायची तर आधी आपल्याच माणसांच्या नावानं मोडावी लागतात, म्हणून गेले काही महिने मी नुसती चरफडते आहे.

गाव संभाजीनगरपासून अर्ध्या-पाऊण तासावर, औद्योगिक वसाहतीच्या पलीकडं. मी लग्न होऊन शहरातल्या मुकुंदवाडीत आले, शाळेत भूगोल शिकवायला लागले. थोरला भाऊ, आमचा दादा, गावातच राहिला आणि वडिलांची मेंढरं त्यानं पुढं चालवली. दिवाळी झाली की कळप कन्नड तालुक्याकडं न्यायचा, लोकांच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्याबदल्यात धान्य घ्यायचं आणि मृगाच्या तोंडाला गावी परतायचं. पावसाळ्यात सगळीकडं पिकं उभी असतात. एखाद्या मेंढरानं बांधावर तोंड घातलं तरी काठ्या निघतात. ते चार महिने कळप जगतो तो टेकडीच्या उतारावरच्या गायरानावर. गायरान गेलं तर मेंढरं विकावी लागतील, एवढा साधा हिशेब आहे.

शहर कशाला म्हणायचं, हे मी दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी पोरं गोंधळतात. त्यांचं काही चुकत नाही. जनगणनेचा नियम वेगळा, राज्याचा वेगळा. एखादं ठिकाण जनगणनेत नगर असतं आणि तिथं कारभार ग्रामपंचायतीचा चालतो. वरून महानगर प्रदेशाची हद्द असते, तिच्यात तर शेकडो खेडी येतात. म्हणजे आमचा दादा इतकी वर्षं महानगर प्रदेशात मेंढरं चारत होता आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि गाव मोठं झालं, पण शहर म्हणावं इतकं झालं नाही, तर कायद्यात त्याला ‘संक्रमणात्मक क्षेत्र’ म्हणतात, तिथं नगरपंचायत येते. त्यासाठी वस्ती पुरेशी लागते, मोठं शहर जवळ लागतं आणि शेती-मेंढरांबाहेरच्या कामावर पोट भरणारे ठरल्याइतके लागतात. आमचं गाव आणि शेजारची वाडी मिळून पहिल्या दोन अटी कधीच पुऱ्या झाल्या होत्या. घोडं अडलं होतं ते तिसरीवर.

ती तिसरी अट आमच्या लोकांनी स्वतः पुरी केली. कशी, ते सांगायचं तर आमच्याकडच्या चौकशीची रीत सांगावी लागेल. मुलगी द्यायची म्हटलं की मुलीकडचे आधी दोन-तीन अनोळखी माणसं गावात पाठवतात. ती मुलाच्या घरी जात नाहीत, शेजारीपाजारी फिरतात. अमक्याचा पोरगा काय करतो, घर कसं आहे, बाप पितो का. तेव्हा शेजाऱ्यानं चांगलंच सांगायचं, हा आमच्याकडचा शेजारधर्म. भाऊबंदकीत डोकी फुटलेली असोत, चौकशीच्या वेळी तोंडातून वाकडा शब्द जायचा नाही. आज मी तुझ्या पोराचं झाकलं तर उद्या तू माझ्या पोराचं झाकशील.

आणि हल्ली मेंढरांमागच्या पोराला मुलगी देतं कोण? शेतीवाल्याला देत नाहीत तिथं आमची काय कथा. त्यामुळं आमच्या गावातलं लग्नाचं प्रत्येक पोरगं कंपनीत असतं. लग्नाआधी ते खरोखर दोन-चार महिने कंत्राटदाराकडं हजेरी लावतं, गळ्यात ओळखपत्र घालून फोटो काढून घेतं, आणि लग्नानंतर वर्षाच्या आत त्याची कंपनी बंद पडते. आमच्या गावानं आजवर जितक्या कंपन्या बंद पाडल्या तितक्या खऱ्याच पडल्या असत्या तर औद्योगिक वसाहतीत गवत उगवलं असतं, आणि दादाची चराईची सोय झाली असती.

तर मागच्या हिवाळ्यात हातात टॅब घेतलेली तीन माणसं गावात आली. पुरुष मेंढरांमागं कन्नडकडं गेलेले, निम्म्या घरांना कुलपं. घरच्या बायकांना त्यांनी विचारलं, घरातले पुरुष काय करतात? कुलूप असलं तर शेजारणीला विचारलं. माझ्या वहिनीनं स्वतःच्या घरचं सांगितलं, बापलेक दोघंही कंपनीत. मग डाव्या हाताच्या घराचं सांगितलं, उजव्या हाताच्याही घराचं सांगितलं. सगळे कंपनीत.

मला हे कळलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. “वहिनी, त्यांनी सर्वे आहे म्हणून सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलं की,” वहिनी म्हणाली. “पर चौकशीवाले बी आल्या आल्या खरं कुठं सांगतेत? मागं एकदा बियाणं विकायला आलो म्हणून आले व्हते.”

तिच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या, दोन सोयरिकी याआधी मोडल्या होत्या. दोन्ही वेळा कुणीतरी मेंढरांचं बोलून गेलं होतं. तिसरी आता कुठं जुळली होती, शेजारच्या वाडीतल्या एका माणसाच्या मध्यस्थीनं. तो मुलीचा मामा. मुलगी शहराच्या कडेला वाढलेली, तिच्या आईनं स्वच्छ सांगितलं होतं की लेक मेंढरांच्या तळावर, उघड्या रानात राहायला देणार नाही. मामानं स्वतःच्या जबाबदारीवर शब्द दिला, पोरगा कंपनीत आहे. त्याला खरं माहीत होतं. सगळ्यांनाच असतं. पण माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत बोललं जाणं वेगळं. भाच्याला खोटं बोलायची लाज वाटायची, पण मुलगी पाहून आला त्या दिवशी त्याचे कान लाल झाले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला नगरपंचायतीचा प्रस्ताव निघाला. चौकात तरण्या पोरांनी गुलाल उधळला. नळ येणार, रस्ते येणार, जमिनीला भाव येणार. ते खोटं नव्हतं, काहींचं भलं होणारच होतं. पण वहिनी ज्या रोजगार हमीच्या कामावर जायची ते आता शहरात बसणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. आणि गायरानावर बगीचा आणि वाहनतळ होणार, अशी बोलवा उठली. ती निव्वळ बोलवा नाही याची मी एका ओळखीच्या आराखडे काढणाऱ्या माणसाकडून खात्री करून घेतली. तेव्हापासून माझी झोप उडाली.

दादा मुकुंदवाडीला माझ्याकडं आला. खुर्चीवर बसला नाही, भिंतीला टेकून खाली बसला. चहा बशीत ओतून घेतला आणि म्हणाला, “बाई, तू पोरांला शिकवतीस. मला सांग, आमचं गाव हाय का नाय गाव?”

मी त्याला सगळं समजावलं. वस्ती, अंतर, शेतीबाहेरचे लोक.

“मंजी आम्हीच सांगितलं, आम्ही गाववाले नाय म्हणून.”

“हो.”

“मग आम्हीच सांगू, हाय म्हणून.”

मला वाटलं, सुटलो. हरकती मागवल्या होत्याच. मी त्याच्या नावानं अर्ज लिहिला, त्यानं सही केली. गावातल्या बाकीच्या मेंढरंवाल्यांनाही सांग, असं मी त्याला बजावलं. तो सांगून आला. सगळे म्हणाले, येतो.

सुनावणीला सगळे आले, हे खरं. पांढरे कपडे घालून, टोप्या सारख्या करून रांगेनं बसले. मी शाळेतून रजा काढून गेले होते. सुनावणी घेणारे साहेब तरुण होते, भले होते, मला त्यांचा राग धरता आला नाही. त्यांनी दादाचा अर्ज वाचला आणि म्हणाले, “तुमचं म्हणणं असं की पाहणी चुकली. गावात बहुतेक लोक मेंढरांवर आणि शेतीवर आहेत. पण इथं घरोघरचं वेगळं आलंय. एका घरानं जरी पुढं येऊन आपलं चुकीचं लिहिलं गेलंय असं सांगितलं, तरी मी गावाची फेरपाहणी लावतो. सांगा, कोण सांगतंय?”

कुणी हललं नाही. मी त्या रांगेकडं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. एकाच्या पोराची सोयरीक झालेली, एकाचा पोरगा बघण्यात, एकाची सून दोन महिन्यांपूर्वी आलेली. प्रत्येकाच्या घरात एक कंपनी होती आणि ती आज, इथं, सगळ्यांसमोर बंद पाडायची होती. शेवटी सगळ्यांच्या माना दादाकडं वळल्या. अर्ज त्याचा होता.

दादा उठला. तेव्हा मला दुसऱ्या रांगेत मुलीचा मामा दिसला. त्याची वाडीही ह्याच प्रस्तावात होती, तो आला नसता तरच नवल. तो दादाकडं बघत नव्हता. खाली फरशीकडं बघत होता.

“तुमच्या घरी कोण कोण असतं?” साहेबांनी विचारलं.

“मी, मालकीण, एक पोरगा.”

“तुम्ही काय करता?”

“मेंढरं.”

मला हायसं वाटलं. साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं.

“आणि मुलगा? तोही मेंढरांमागंच असतो का?”

दादानं टोपी काढली, हातात धरली. मामाची मान तशीच खाली.

“नाय,” दादा म्हणाला. “पोरगा कंपनीत हाय.”

“मग मेंढरं कोण बघतं?”

“मेंढरं आता नायती साहेब. म्हाताऱ्या माणसाची सवय, तोंडातून निघून गेलं. काढून टाकली.”

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना कळलं असावं. पण त्यांना जे बोललं गेलं तेच धरावं लागणार होतं. त्यांनी पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर मी दादाला नाही नाही ते बोलले. भित्रा म्हणाले. आपल्या हातानं आपल्या तोंडात माती घातलीस, असं म्हणाले. रिक्षावाले बघायला लागले तरी मी थांबले नाही. बाकीचे मेंढरंवाले लांब उभे होते, त्यांच्यातला एक जण येऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवून गेला, त्याचाही मला राग आला.

दादानं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, “मेंढरं पुन्हा घेता येतेत, बाई. हे तिसरं ठिकाण मोडलं तर चौथं कोण आणणार? आन् त्या माणसानं आपल्यापायी शब्द दिला. त्याला सगळ्यांम्होरं खोटं पाडू व्हय?”

“पुन्हा घेऊन चारणार कुठं? गायरान कुठं आहे?”

थोडं अंतर आम्ही चालत गेलो. मग तो थांबला आणि नेहमीच्या आवाजात, मला किराणा सांगावा तसं सांगायला लागला.

“कळप आता कन्नडजवळच हाय. येत्या बाजाराला मी तिथं जातो. गिऱ्हाईक मिळंल. म्हणलोय तसं करावं लागंल ना, नायतर उद्या कुणी बघायला आलं तर? आता तुझं एक काम. त्या दिवशी पोराला गुलमंडीला बोलावून घे. लग्नाचा पोशाख घ्यायचा म्हण. सांजपत्तोर सोडू नको.”

“त्याला सांगणार नाहीस?”

“त्याला आधी कळलं तर तो लगीन मोडंल,” दादा म्हणाला. “त्यानं मेंढरं सोडायची नायत म्हणूनच कंपनीत कायमचं जायाला नकार दिलाय. तुला ठावं नाय. परवाच मला म्हणला, आबा, लगीन झालं की तिला खरं सांगीन, ती ऐकंल.”

हे मला खरंच माहीत नव्हतं. दादाला बसमध्ये बसवून मी घरी आले. स्वयंपाकाला लागले. दिवेलागणीला भाच्याचा फोन आला. मागं मेंढरांचा गलका, वारा.

“आत्या, काय झालं तिथं? आबा फोन उचलंना. गायरान वाचलं का?”

“साहेब बघतो म्हणालेत,” मी म्हणाले. आणि तो पुढचं काही विचारायच्या आत म्हणाले, “ते जाऊ दे. बाजाराच्या दिवशी सकाळीच इकडं निघून ये. गुलमंडीला जाऊन तुझा पोशाख घेऊ.”

“त्या दिशी? मंग मेंढरांजवळ कोण ऱ्हाईल?”

“दादा येतोय तिथं.”

“आबा येतेत व्हय,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातली काळजी गेलेली मला स्पष्ट ऐकू आली. “मंग येतो मी. आबा असल्यावर मेंढरांची काय चिंता नाय.”