मायगं मॅडम

मॅडम घाबरायच्या. मनातल्या मनात नव्हे, चारचौघांत, छातीवर हात ठेवून घाबरायच्या. स्वतःच लिहिलेला प्रोग्राम पहिल्यांदा चालवायचा असला की बटण दाबून खुर्ची झटकन मागे ढकलायच्या, जशी काही कुकरची वाफ अंगावर येणार आहे. आणि तोंडातून "माय गं!" निघायचंच. प्रोग्राम चालला तरी माय गं, आपटला तरी माय गं. म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'मायगं मॅडम' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा फोनवर कुणीतरी 'कोण बोलतंय' विचारलं, तर म्हणाल्या, "हाव, मायगं मॅडमच बोलते. बोला."

लातूरला औसा रोडवर एका फोटो स्टुडिओच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली, आडत दुकानं, मेडिकलवाले, दवाखाने अशांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. ते गिऱ्हाइकाच्या टेबलावरच्या कंप्युटरात बसवायचे, तिथंच चालायचे आणि तिथंच बिघडायचे. मी नांदेडहून नवीनच आलो होतो. तोंडाचा फटकळ, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की समजूत. मॅडमच्या हाताखाली काम करायचं आहे कळल्यावर मी घरी फोन लावून म्हणालो, "मला शिकवायला ज्या बाई दिल्यात ना, त्या स्वतःच थरथर कापतात. काय शिकवणार, डोंबल!"

त्यांची तपासणीची पद्धत बघून तर मी कपाळावर हात मारून घेतला. प्रोग्राम एखादं बिल साठवत असतानाच त्या उठायच्या आणि भिंतीवरचं बटण खटकन बंद करायच्या. कंप्युटर जागच्या जागी गार. "लाईट जाणारच हाय आपल्याकडं," त्या म्हणायच्या, "मग आपणच घालवून बघू की." पुन्हा चालू केल्यावर बिल अर्धवट सापडलं, म्हणजे मालाचं नाव आहे आणि वजन गायब आहे, की तो प्रोग्राम नापास. साठवायचं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही, असा त्यांचा दंडक. माझा एक प्रोग्राम त्यांनी असा इतक्या वेळा मारला की शेवटी मीच बटणापुढे जाऊन उभा राहिलो. त्या हसल्या आणि मागून वायर उपटली.

मोंढ्यातल्या एका दुकानातून रोज बोंब यायची की कंप्युटर अडकतो. मी म्हणालो, मुनीमच बावळट आहे. मॅडम जाऊन दिवसभर त्या मुनीमाच्या मागे स्टुलावर बसल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "हिशेब मोठा असला की पडदा पांढरा पडतो. त्या बिचाऱ्याला वाटतं, आपल्याच हातनं मोडलं. घाबरला की माणूस बटणं बडवतो रे." मग जड काम मागच्या बाजूला चालू द्यायचं आणि पडदा मोकळा ठेवायचा, हे त्यांनी मला शिकवलं. वर एक ओळ घालायला लावली : 'काम चालू आहे. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही.' अशा सगळ्या ओळी त्या स्वतः लिहायच्या. भ्यालेल्या माणसाला काय वाचून बरं वाटेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार!

एकच गोष्ट अशी होती की तिथं त्या घाबरायच्या नाहीत, चिडायच्या. प्रोग्राममध्ये चूक झाली तर ती दाखवायचीच नाही, गुपचूप पुढे जायचं, अशी एक सोय असते. आम्ही पोरं ती सर्रास वापरायचो. गिऱ्हाइकाच्या तक्रारी येत नाहीत, आपल्यालाही निवांत झोप. मॅडमना ती दिसली की संपलंच. "तोंडात बोळा कोंबलास होय रे त्याच्या? ओरडू दे की त्याला! ओरडला तर कुणीतरी धावत येईल."

आणि जिल्ह्याचं प्रकरण! मी एका प्रोग्राममध्ये जिल्हा म्हणून 'लातूर' कायमचंच लिहून टाकलं होतं. उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी आवई तेव्हा दरवर्षी उठायची आणि दरवर्षी बसायची. मॅडम म्हणाल्या, बदलता येईल असं कर. मी म्हणालो, "मॅडम, जिल्हे काय रोज होतात का?" त्यांनी शांतपणे सांगितलं, "लातूर तरी कुठं होतं पहिलं? माझ्या बाबांच्या सगळ्या कागदांवर अजून उस्मानाबादच हाय." बदललं.

हे बाबा म्हणजे मॅडमचे वडील. चाकूरजवळच्या खेड्यातले. जन्मभर दुसऱ्याच्या रानात रोजंदारी केली आणि उतारवयात एका कचेरीत शिपाई म्हणून लागले. मॅडमच्या घाबरण्याचं मूळ मला त्यांच्याकडूनच कळलं. एकदा मॅडमच्या घरी चहा घेताना ते म्हणाले, "हिला मीच भ्यायला शिकवलं, साहेब. दुसऱ्याची चूक झाली तर लोक चूक काढतात. आपली झाली तर जात काढतात. म्हणलं, पोरी, धा बार बघ आन् मग हात लाव." मॅडम आत भांडी आवरत होत्या, त्यांना ऐकू गेलं असणार. इतक्या वर्षांत मला कुणी असं काही शिकवलं नव्हतं, कारण माझ्यावर तशी वेळच आली नव्हती.

मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नळ मेले. टँकर कधी येणार यापलीकडे शहरात बोलणं नाही. बाबांच्या किडन्या त्याआधीच गेल्या होत्या. मॅडमनी त्यांना आपल्याकडे आणलं होतं आणि एका छोट्या डायलिसिस केंद्रात नेत होत्या. तिथला प्रोग्रामही मॅडमनीच लिहिलेला. डायलिसिसला पाणी भरपूर लागतं. टँकर आला तर पाळी, नाही आला तर जा घरी. पाळी हुकली की बाबांचे पाय सुजायचे, आडवं झालं की जीव गुदमरायचा.

केंद्रात दोन कंप्युटर होते, एक बाहेर रिसेप्शनवर आणि एक आत टेक्निशियन गोविंदकडे. पाळ्या बाहेरून लागायच्या, गोविंद नुसत्या बघायचा. टँकरची वेळ बेभरवशाची झाल्यावर डॉक्टर म्हणाले, गोविंदलाही पाळ्या बदलता आल्या पाहिजेत, आणि आजच. मॅडमनी दुपारभरात ते करून दिलं. लाईट घालवून बघितली, वायर उपटून बघितली. एक गोष्ट तेवढी राहिली. एकाच पेशंटचं पान दोघांनी एकदम उघडलं, तर जो शेवटी साठवेल त्याचं राहतं, आधीच्यानं लिहिलेलं पुसलं जातं. आवाज नाही, इशारा नाही. एरवी असं कधी घडलंही नसतं. पण टँकर आला की दोन्हीकडून एकदम पाळ्यांची पळापळ सुरू व्हायची.

आणि त्याच पानावर एक खूण असायची, 'वेगळं मशीन'. ज्याच्या रक्तात बी प्रकारची कावीळ सापडते त्याला वेगळ्या खोलीतल्या मशीनवरच लावतात, नाहीतर ती रक्तातून दुसऱ्याला लागू शकते.

एका सकाळी गोविंदचा फोन आला. मी शेजारीच होतो. "मॅडम, एका पेशंटला मी काल खूण केली व्हती. आज ती न्हाईच. साध्या मशीनवर नाव दिसून राहिलं."

मॅडमच्या तोंडून 'माय गं' निघालं नाही, आणि त्यामुळे मीच घाबरलो. त्यांनी विचारलं, "लावलं का त्याला?"

"न्हाई अजून."

"कुणालाच लावू नको. एकालाही न्हाई. मी निघाले."

माझ्या गाडीवरून गेलो. केंद्राबाहेर टँकर नुकताच रिकामा होत होता. आत बाक गच्च भरलेला, बहुतेक जण आधीची पाळी हुकलेले, सुजलेले, धापा टाकणारे. बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी औशाचे टेलरचाचा, तेही तिथलेच पेशंट, टोपी काढून तिनंच वारा घेत होते.

डॉक्टर वैतागले होते. "मॅडम, गोविंदनं चूक पकडली, दुरुस्त केली. आता सुरू करू द्या. माणसांची हालत बघा."

"एक खूण गेली म्हणजे अजून गेल्या असतील," मॅडम म्हणाल्या. "किती, ते मला सांगता येत न्हाई. कपाटातले रक्ताचे रिपोर्ट काढा. एकेकाचं ताडून बघू. मग लावा."

"बाहेर तुमचे वडील बसलेत."

"दिसले मला."

डॉक्टरांनी कपाटाची किल्ली दिली. बाहेर लोकांना सांगितलं की कंप्युटर बंद पडलाय. दुसरं काय सांगणार? कावीळ म्हटलं असतं तर अर्धे लोक पळाले असते, आणि ज्यांच्या नावापुढे खूण आहे त्यांना उरलेल्यांनी जगू दिलं नसतं.

आम्ही ताडायला बसलो. गोविंद रिपोर्ट वाचायचा, मॅडम पडद्यावर बघायच्या, मी पुन्हा बघायचो. काचेपलीकडून खोकल्याचा आवाज यायचा. प्रत्येक खोकला कुणाचा आहे हे मॅडमना कळत होतं, मलाही कळायला लागलं होतं. मला वाटलं, आता या उठतील आणि म्हणतील, निदान बाबांना लावा. त्यांच्या जागी मी असतो तर म्हणून बसलो असतो. मध्येच बाबा दार ढकलून आले, चौकटीला धरून उभे राहिले.

"का थांबवलंय गं?"

"जरा तपासायचं राहिलंय, बाबा."

"कोण तपासतंय?"

"मी."

"मग बसतो," बाबा म्हणाले, आणि भिंत धरत धरत पुन्हा बाकावर गेले.

आणखी एक खूण गेलेली सापडली. जुना पेशंट, पण खूण अलीकडेच केलेली. त्याला त्या दिवशी साध्या मशीनवर पहिली पाळी ठरली होती आणि त्याच्या पाठोपाठ त्याच मशीनवर टेलरचाचांची. डॉक्टर ते बघून खुर्चीत बसले. ज्यांच्या खुणा गेल्या होत्या त्या दोघांची नावं मी आजही सांगणार नाही.

बाबांना लावलं तेव्हा दुपार कलली होती. दम फार वाढला होता. मध्येच बीपी उतरलं आणि अर्ध्यातच काढावं लागलं. त्याच आठवड्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं, उशिरामुळंच गेले असं म्हणता येणार नाही. तसं नाहीच असंही त्यांना म्हणता आलं नाही.

गावी जलदान विधी झाला. भंतेजींनी गाथा म्हटल्या, पांढऱ्या साडीत मॅडमनी भांड्यात हळूहळू पाणी सोडलं. डोळे कोरडे ठणठणीत. बायका कुजबुजल्या, शिकलेली पोर, रडेना. विधी संपताच त्या मला मांडवाच्या कडेला घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरांचा फोन आला का?" तेव्हा मला उमगलं. दुसरा कंप्युटर खुला केल्यापासून त्या सकाळपर्यंत कुणाची खूण मध्येच जाऊन पुन्हा आली होती का, कुणी चुकीच्या मशीनवर बसून गेलं होतं का, हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांचं रक्त आता पुन्हा पुन्हा तपासायचं होतं, आणि अशी कावीळ रक्तात दिसायला महिने लागतात.

ते महिने मी विसरू शकत नाही. प्रोग्राम तर त्यांनी लगेच सुधारला. तुम्ही पान उघडल्यानंतर ते दुसऱ्यानं बदललं असेल तर तो आता साठवतच नव्हता, दोघांचं लिहिलेलं समोर ठेवून विचारायचा. पण त्याचा आनंद कुणाला? मॅडम कामाला यायच्या, खाली मान घालून बसायच्या. प्रोग्राम आपटला तरी तोंडातून शब्द नाही. फोन वाजला की हात जागच्या जागी थिजायचे. डबा उघडायच्या आणि तसाच बंद करायच्या. मी मुद्दाम वेड्यासारख्या चुका करून बघितल्या, एकदा तरी ओरडतील म्हणून. नाही ओरडल्या. त्यांचं भिणं आम्हाला ऐकायची सवय होती. ते आता आत गेलं होतं, आणि फार वाईट दिसत होतं.

पाऊसकाळ सरल्यावर एक दिवस टेलरचाचा आमचा जिना चढून आले. एकेका पायरीवर थांबत. माझ्या खुर्चीवर बसले, पाणी प्याले.

"बेटी, मातीला यायचं राहून गेलं माझं. तब्येतच नव्हती. मनाला लई लागून व्हतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्या दिवशी ते कंप्युटर बंद पडलं न्हाई का, त्यानंच घात केला तुझ्या अब्बांचा. आम्ही शेजारीशेजारी बसलो व्हतो. पण मशीनच ते, त्याचा काय भरोसा? तुझा काय दोष न्हाई त्यात. मनाला लावून घिऊ नको."

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. मॅडमनी मला नजरेनंच थांबवलं.

"हो चाचा," त्या म्हणाल्या. "तुमचा रिपोर्ट कसा आला?"

"सगळ्यांचेच आले आज. शेवटचे म्हणं. डॉक्टरनं सवताहून सांगितलं, सगळ्यांचं रक्त साफ हाय, कुणालाच काही नवीन न्हाई. कशाला तपासत व्हते कुणास ठाऊक. आता न्हाई टोचणार म्हणले."

मॅडमनी टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडायला लागल्या, लहान पोरीसारख्या, बाबांचं नाव घेत. चाचा घाबरून उठले. आपणच नको तो विषय काढला असं त्यांना वाटलं. "माफ कर बेटी, माफ कर," म्हणत ते कितीतरी वेळ त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत उभे राहिले.