सावली लांब पडते, एवढीच तक्रार

आमच्या आळीत कुणी नवं घर बांधायला काढलं की त्याचं चित्र मोबाइलवर घेऊन तो मला दाखवायला येतो. घराचा अजून नुसता पायाच असतो, पण चित्रात कौलं चढलेली, पुढे दोन पोफळी डोलत असलेल्या आणि ओटीवर झोपाळासुद्धा टांगलेला. लोक रंग बघतात, खिडक्या बघतात. मी मात्र आधी सावली बघतो. बायको म्हणते, तुमची नोकरी गेली पण खोड गेली नाही. खरं आहे. त्या एका प्रकरणाने ही खोड लावली आणि ते प्रकरण मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

तेव्हा मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. ठाणं लहान, कौलारू, मागच्या बाजूला सुरूची झाडं. सकाळी हजेरी झाली की ठाणे अंमलदार डायरी उघडून बसायचा आणि समोर तक्रारी सुरू व्हायच्या: वाडीच्या दगडी कुंपणावरून, म्हणजे गडग्यावरून भांडण, जाळं कापल्याचा वाद, पर्यटकांची गाडी वाळूत रुतली. अशा ठाण्यात एक दिवस एक तरुण उद्योजक आला आणि म्हणाला, "साहेब, माझं सॉफ्टवेअर चोरीला गेलंय." ठाणे अंमलदाराने लेखणी उचलली आणि विचारलं, "कुठे ठेवलं होतं?"

हसू नका, त्या वेळी मलाही फारसं कळत नव्हतं. त्या मालकाने मला समजावलं. मुंबईतली नोकरी सोडून तो गावी आला होता आणि सुपारीच्या एका गोदामाच्या माडीवर चार-पाच माणसं घेऊन त्याने कंपनी काढली होती. घराचा नकाशा दिला की त्यांचा प्रोग्राम त्याचं हुबेहूब फोटोसारखं चित्र करून द्यायचा. याला रेंडरिंग म्हणतात. आपल्याकडे त्याला मागणी होती, कारण श्रीवर्धनपासून उरणपर्यंत घरं बांधणारे निम्मे लोक आखातात नाहीतर मुंबईत. बांधायच्या आधी घर डोळ्यांनी बघायचं असतं. त्यातली खुबी अशी की गावाचं नाव घातलं की प्रोग्राम कॉम्प्युटरमधली तारीख बघून ऊन कुठून येईल, सावली किती पडेल तेही अचूक दाखवायचा.

कंपनीचा मदतीचा एकच फोन होता आणि तो एकच बाई घ्यायच्या. वय चाळिशीचं. नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलरवर चालक, आठ-दहा दिवसांनी घरी येणारा. घरी सासू. ठाण्यापासून चार मैलांवर समुद्राकाठी त्यांचं गाव. या बाई एक दिवस रजेवर होत्या म्हणून फोन मालकाने स्वतः उचलला. पलीकडे घरांचे नकाशे काढणारा कुणी ड्राफ्ट्समन होता. मालकाने परवान्याचा नंबर विचारला. तो म्हणाला, "नंबर कसला? ताई कधी इचारत नाहीत."

मालकाने बाईंचा खण उघडला. त्यात एक जाड वही होती, फोन करणाऱ्याचं नाव, गाव आणि अडचण लिहिलेली. ताडून पाहिलं तर निम्म्याहून जास्त माणसं गिऱ्हाइकांच्या यादीत नव्हतीच. परवान्याशिवायच्या चोरीच्या प्रती बाजारात होत्या आणि त्या वापरणाऱ्यांना कंपनीच्या पगारावरची बाई प्रेमाने मदत करत होती. मालकाने सरळ हिशेब मांडला: प्रती विकतेही हीच. फिर्यादीत संशयित म्हणून तिचं नाव दिलं.

मलाही ते पटलं. घरचा भेदी सापडला की पोलिसाला बरं वाटतं, पळापळ वाचते. कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि पुढे मी जे केलं ते आज लिहायलाही लाज वाटते. कायद्याप्रमाणे बाईमाणसाकडे चौकशी करायची तर तिच्या राहत्या घरी जाऊन करायची. मी महिला शिपाई आणि जीप पाठवली आणि तिला भर सकाळी गावातून ठाण्यात आणवलं. डायरीत मात्र 'स्वेच्छेने हजर' असं लिहायला लावलं.

ती दिवसभर बाकावर बसून होती. मी आमची नेहमीची पद्धत वापरली. आधी बराच वेळ काही विचारायचंच नाही. मग एकच प्रश्न तीनदा, तीन माणसांनी.

"प्रती कुणाला विकल्या?"

"कुणालाच नाही."

"मग या लोकांना मदत का केली?"

"फोन करणारा अडलेला असतो, साहेब. आधी त्याची अडचण बघायची, मग नंबर विचारायचा. अडचण सुटली की नंबर विचारायचा राहून जायचा."

तिन्ही वेळा हेच उत्तर, याच शब्दांत. पोलिसातला कच्चा गडीसुद्धा जाणतो की खोटं बोलणारा तिसऱ्या खेपेला गोष्ट जरा सुधारून सांगतो. हिने काही सुधारलं नाही. ते माझ्या ध्यानात आलं होतं, तरी मी ते बाजूला सारलं, कारण ती सुटली तर माझ्या हातात दुसरं कुणी नव्हतं.

"चोरीची प्रत आहे हे तुम्हाला कळलंच नाही?" मी आवाज चढवला.

तिने टेबलावरच्या वहीकडे बघितलं. मग म्हणाली, "थोडं थोडं कळत होतं. पण फोन आपटला असता तर तो माणूस पुन्हा आपल्याकडे आला असता का? यातल्या पाच जणांनी मागाहून रीतसर विकत घेतलंय. वहीत त्यांच्या नावापुढे खूण आहे, बघा."

मी बघितलं नाही. म्हटलं, हुशार आहे, खूण आधीच करून ठेवलीय.

दुपारी चारच्या सुमाराला टेबलावर ठेवलेला तिचा मोबाइल वाजू लागला. रजेचा दिवस सोडला तर कंपनीचे फोन त्याच्यावर वळवलेले असत, आणि मालकाला ते बंद करायचं सुचलं नव्हतं. मला वाटलं, सापडला साथीदार. मी म्हटलं, "उचला. आवाज मोठा करा. नेहमीसारखं बोलायचं."

पलीकडून "पडतंय"चं "परतंय" करणारा उरणकडचा आवाज आला, "ताय, सावली परत लांब परतंय गो. गिऱ्हाईक बोलतंय, भर उन्हाल्यात ओटीवर येवरा ऊन कसा?"

बाईंचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता. पण आवाज असा निघाला की जणू घरच्या ओटीवर बसून बोलताहेत. "घाबरू नको दादा. कोपऱ्यात तारीख बघ. जानेवारीची आहे ना?"

"हाय. पन नीट केली का परोगराम बंद परतंय."

"ठीक आहे, संध्याकाळी सांगते," असं म्हणून त्या फोन ठेवणार, तोच मी फोनवर हात ठेवून विचारलं, "ही तारखेची काय भानगड आहे?"

त्या म्हणाल्या, "यांच्यातल्या पुष्कळांचं असंच आहे. कॉम्प्युटरला जानेवारीची तारीख लावून ठेवलेली. खरी तारीख लावली की आमचा प्रोग्राम परवान्याची मुदत संपली म्हणून बंद पडतो. जानेवारीत सूर्य खाली असतो, म्हणून यांच्या चित्रात बारा महिने हिवाळ्याची लांब सावली." त्यांनी वही पुढे ओढली. एकोणीस नावांपुढे एकच शब्द होता: सावली.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. एकोणीस गावांतली एकोणीस माणसं आपापल्या अकलेने एकाच महिन्याची तारीख लावणार नाहीत. लावणारा हात एकच होता. मी हळूच म्हटलं, "विचारा, हे टाकून कुणी दिलं?"

बाईंनी विचारलं. पलीकडचा बिचारा सरळ होता. "सरांनी ना. क्लास केला तवा सगल्यांनाच दिलाय. कंपनीचाच हाय म्हनाले, मदत लागली त ताईला फोन करा."

बाईंना संध्याकाळी घरी सोडलं आणि आमचं नेहमीचं काम सुरू झालं. वहीतल्या तिघांचे जबाब घेतले, तिघांचा कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकवणारा क्लास एकच निघाला. दोन पंच आणि प्रोग्राम ओळखायला मालकाला घेऊन तिथे गेलो. लाकडी बाकांवर सात कॉम्प्युटर, सगळ्यांच्या कोपऱ्यात जानेवारी, आणि बाहेर मे महिन्याचा घाम. पंचनामा केला, हार्ड डिस्क पंचांसमक्ष सील करून मुद्देमालात घेतल्या. क्लासचे सर पन्नाशीचे, नीटनेटके, इस्त्रीचा शर्ट. अर्ध्या तासात त्यांनी सगळं कबूल केलं, आणि ते जे बोलले ते मी जबाबात जसंच्या तसं उतरवून घेतलं.

"या कंपनीचा पहिला गिऱ्हाईक मी आहे, साहेब. सावलीची कल्पनासुद्धा मीच दिली. तेव्हा हा मालक माझ्या घरी येऊन जेवायचा. कंपनी वाढली आणि माझा फोन घेईनासा झाला. सहा महिने मी नवी आवृत्ती मागतोय. शेवटी म्हटलं, तू देत नाहीस तर मीच वाटतो."

मालक शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं तर तो जमिनीकडे बघत होता. राग आला म्हणून चोरी माफ होत नाही. सरांना अटक झाली, दोषारोपपत्रही गेलं. पण त्या दिवशी मला वाटलं की त्यांचा फोन बाईंकडे गेला असता तर हा गुन्हा घडलाच नसता. मालकाला त्या एकोणीस जणांनाही आरोपी करायचं होतं. त्यांना आपण चोरीचं वापरतोय हे ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्यांना साक्षीदार केलं. पुढे बहुतेकांनी रीतसर परवाना घेतला आणि मालकाला नवी गिऱ्हाइकं मिळाली, ती त्या वहीच्या जोरावर.

आता बाईंबद्दल. त्यांचा काही संबंध नाही असा अहवाल मी पाठवला आणि मोठ्या तोऱ्यात त्यांच्या घरी सांगायला गेलो. वाटलं होतं, हात जोडतील, आभार मानतील. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"तुम्ही निर्दोष आहात," मी म्हटलं.

"मला हे सांगून काय उपयोग, साहेब? मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

मग त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. तिथे ओळीने पाच खिळे होते, सगळे रिकामे. शेजारपाजारची माणसं शेतावर, बंदरावर, मुंबईला जाताना आपापल्या घराच्या चाव्या बाईंकडे ठेवायची. ज्या दिवशी पोलिसांची जीप दारात लागली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकेकाने येऊन चावी नेली. कुणी वाईट शब्द बोललं नाही. "लागते जरा" एवढंच म्हणाले.

"ही नोकरी गेली तरी मला दुसरी मिळेल," त्या म्हणाल्या. "पण सासूबाई रोज सकाळी त्या खिळ्यांकडे बघतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोरा कुठल्या कुठे गेला.

संध्याकाळच्या आरतीला देवळाच्या मंडपात गाव जमतं, असं मला सरपंचांनी सांगितलं. मी गणवेशातच गेलो; बाई सासूबरोबर एका खांबापाशी बसल्या होत्या. आरती संपली आणि मी पुढे होऊन बोललो. हजारो माणसांसमोर बंदोबस्ताला उभा राहिलो असेन, पण त्या चाळीस-पन्नास माणसांसमोर उभं राहणं अवघड होतं. मी म्हटलं, "या बाईंना मी ठाण्यात नेलं, ते चुकीचं होतं. त्यांना नेण्याचा मला अधिकारही नव्हता. चोर दुसराच निघाला, आणि तो सापडला तो यांच्यामुळे. चूक माझी झाली. मी तुमच्या सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतो."

माणसं प्रसादासाठी हात पुढे करू लागली. मागे एक लहान मूल रडत होतं. माझं भाषण वाया गेलं असं वाटून मी जोडे घालायला वाकलो.

तेवढ्यात शेजारची एक म्हातारी बायकांमधून उठली. सावकाश चालत बाईंच्या समोर आली. पदराची गाठ सोडली, त्यातली चावी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली.

"ही ठेव गो बाय," ती म्हणाली. "उद्या आमी सगली लग्नाला जानार हाव. मांजरीला तवढा दूध घाल."

बाईंनी चावी मुठीत धरली आणि डोळ्यांना पदर लावला. मी दुसरीकडे बघितलं.

त्या खटल्याचा पुढे काय निकाल लागला हे आता मला कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. माझी बदली झाली, प्रकरण दुसऱ्याकडे गेलं. पण त्या संध्याकाळी मला जे कळलं ते कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. 'चौकशी करून सोडून दिले' असं डायरीत लिहिलं की आमचं काम संपतं. सुटलेल्या माणसाला मात्र त्याच आळीत, त्याच नजरांमध्ये राहायचं असतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी ज्याला ज्याला विनाकारण बसवून ठेवलं, त्याच्या गावात स्वतः गेलो आणि चार माणसांत उभा राहून सांगितलं की चूक आमची होती. हाताखालचे लोक हसायचे, वरिष्ठांना आवडायचं नाही. प्रत्येक वेळी जीभ जड व्हायची. त्याची मला कधी सवय झाली नाही, आणि झाली नाही तेच बरं झालं.