पलंगाखालून लावलेला फोन

मावशीच्या उजव्या हाताची तर्जनी सरळ होत नाही. हे मला तिला फोन शिकवताना कळलं. त्या वाकड्या बोटानं ती पडद्याला हात लावायची, बोट जरा जास्तच वेळ टेकून राहायचं आणि पडद्यावरची चित्रं थरथरायला लागायची.

"बिघडला गं!" म्हणत ती झटकन मागे सरकायची आणि चेहऱ्यासमोर कोपर धरायची.

"मावशी, बोटाला काय झालं?"

"पडले होते."

ती कायमच पडत आलेली. लहानपणी मला वाटायचं, तिला चक्कर येत असेल.

मी सॉल्ट लेकमध्ये राहते, शाळेत शिकवते, आणि शनिवारी दुपारी इथं बंगालात राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींमधल्या वयस्कर माणसांना मोबाइल वापरायला शिकवते. मावशीला तिथवर यायची परवानगी नव्हती. म्हणून मीच शहराच्या दुसऱ्या टोकाला बेहालाला तिच्या घरी जायचे, तिचे यजमान, आमचे काका, मोहल्ल्यातल्या क्लबात कॅरम खेळायला गेले की. काका खिदिरपूरच्या गोदीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. बोलायला अतिशय सभ्य. मला कायम "या, बसा" म्हणायचे. माझा जुना फोन मी मावशीला दिला होता. तो ती तांदळाच्या डब्यात ठेवायची.

शिकायला ती हुशार होती, पण प्रत्येक वेळी आधी विचारायची, "दाबू?" मी म्हणायचे, "दाब की, तुझाच फोन आहे." तरी पुन्हा "दाबू?" बाजूचं बटण पटापट दाबलं की आधी भोंगा वाजतो आणि मग पोलिसांच्या मदतीचा नंबर लागतो, ती सोयही मी तिला लावून दिली. ती म्हणाली, "हे कशाला? मला नाही लागायचं." पण मी फोन ठेवल्यावर तिनं तो उचलून बटण कुठं आहे ते न बघता चाचपून पाहिलं.

त्या दुपारी क्लबातलं कुणी वारलं होतं, म्हणून काका लवकर परतले. आम्हाला जिन्यात पावलं ऐकू आली नाहीत, कारण मावशी पुण्याच्या माझ्या आईशी व्हिडिओवर बोलत होती आणि चक्क हसत होती. दार उघडलं. काकांनी आत येऊन शांतपणे कडी लावली.

"कुणाशी चाललंय?"

मावशीनं कॉल तोडला. काकांनी तो तिच्या हातातून घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्याच फोननं तिच्या तोंडावर मारलं. कडेनं भुवई फाटली. दुसरा फटका ओठांवर बसला. तिसऱ्याला मी त्यांच्या हाताला लोंबकळले, तेव्हा त्यांनी मला दंडाला धरून लोखंडी कपाटावर आपटलं. कानात नुसता सूं आवाज भरला. फोन हातातून निसटून फरशीवरून पलंगाखाली गेला.

मावशी त्याच्यामागे गेली. तोंडातून रक्त गळत असताना ती पोटावर सरपटत पलंगाखाली शिरली. काकांनी तिचा घोटा पकडून ओढला. तिनं पलंगाचा पाय कवटाळला. मग ते लाथा घालायला लागले, बरगड्यांवर, कमरेवर, एकेक लाथ नीट नेम धरून. मी त्यांच्या मानेला मागून विळखा घातला, त्यांनी माझ्या पोटात कोपर मारलं, तरी मी सोडलं नाही. दात लागतील तिथं चावले. त्यांच्या शर्टाची चव अजून आठवते, इस्त्रीची आणि घामाची.

तेवढ्यात पलंगाखालून भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. काका थबकले.

"काय आहे ते? बंद कर. बंद कर म्हणतो ना!"

आवाज थांबला आणि पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, बंगालीत. मावशी बोलली. मराठीत जी सगळा जन्म "पडले" म्हणत आली, ती बंगालीत खणखणीत म्हणाली, "आमार स्वामी आमाके मारछे." माझा नवरा मला मारतोय. मग तिनं पत्ता सांगितला, मजला सांगितला, दाराला आतून कडी आहे तेही सांगितलं.

काकांनी पुन्हा लाथ उगारली, पण तोवर खालच्या मजल्यावरची शेजारीण दार बडवायला लागली होती. मी त्यांना सोडून दाराकडे धावले आणि कडी काढली.

पोलीस आले तेव्हा काका खुर्चीत बसले होते. शर्ट आत खोचलेला. "घरातली गोष्ट आहे साहेब, दोघी उगाच घाबरल्या." अधिकारी मावशीला म्हणाला, या वयात मिटवून घ्या. ती पदरानं भुवई दाबून उभी होती. म्हणाली, "नाही मिटवणार. लिहून घ्या."

भुवईला टाके पडले, दोन बरगड्या मोडल्या होत्या. इस्पितळात डॉक्टरनं बोटाचंही विचारलं, तेव्हा तिनं प्रथमच सांगितलं की भाजी खारट झाली म्हणून काकांनी ते मागे वाकवून मोडलं होतं. काका लवकरच जामिनावर सुटले. खटला अजून चालू आहे.

मावशी आता माझ्याकडे राहते. तिच्या मुलाचा बंगळुरूहून फोन आला होता. "आई, बाबा एकटे आहेत. जेवणाचे हाल होतात त्यांचे." ती म्हणाली, "तू घेऊन जा तुझ्याकडे." तिनं थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला. नंतर बराच वेळ ती बाल्कनीत रडत बसली होती. मी आत चहा केला, तो तिनं घेतला नाही.

काकाही फोन करतात. कधी शिव्या, कधी रडणं. मी म्हटलं, "नंबर अडवून टाकते, येणारच नाहीत फोन." तिनं माझा हात धरला.

"नको. ते घरातल्या लँडलाइनवरूनच करतात. तो नंबर दिसला की मला कळतं, माणूस बेहालात बसलाय."

ती फोन उचलत नाही. वाजून थांबेपर्यंत बघत राहते, मग तो पिशवीत टाकते, चपला घालते आणि बाजारात जाते.