आज दारातून सांगत नाई

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यामागं टिनाची एक खोली होती. मुडदे तिथं फाडत. फाडायचा नत्थू. डॉक्टर नाकाला रुमाल लावून दारात उभे राहत, नत्थू आतून सांगे ते लिहून घेत. हात नत्थूचे, सही साहेबांची. समोरच्या हॉटेलात त्याचा कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. एकोणीस वर्षं हे सगळं त्यानं गिळलं. चौऱ्यांशी सालच्या एका दुपारी मात्र त्याचं डोकं सटकलं.

बैलबंडीतून जयवंता नावाच्या पोरीचं प्रेत आलं. वय चोवीस, उंची चौथीतल्या पोरीएवढी, मान आखूड अन् रुंद. हवालदारानं कारण आधीच लिहून आणलं होतं : धाकट्या बहिणीचं, नलूचं लग्न जमलं, त्या दुःखात हिनं इंड्रीन, कपाशीवर फवारायचं जहर, घेतलं. घरात बाटली सापडली. कपाशीच्या दिवसांत ती बाटली कोणाच्या घरी सापडत नाही?

बाप महादेवराव होकाराची मान डोलावत होता. "तसंच झालं असन. लवकर आटपा."

नलू बाहेर भिंतीशी बसली होती. सकाळीच दोघी लुगड्यावरून भांडल्या होत्या. "नत्थूभाऊ, माया लग्नापायी गेली काय जी ते?"

नत्थूनं प्रेताच्या तोंडाशी वाकून हुंगलं. "साहेब, वास नाई. हे इंड्रीन नाई."

"पोट काढून बरणीत भर. नागपूरला तपासायला पाठवू," दारातून डॉक्टर म्हणाले. "बाकीचं राहू दे."

"काऊन राहू द्याचं? छाती का भाड्यानं आनलीती तिनं?"

नत्थूनं छाती उघडली. हातातली सुरी खाली ठेवली.

"काय दिसतं रे?"

"आत येऊन पाहा. आज दारातून सांगत नाई मी."

डॉक्टर चिडून आत आले अन् त्यांच्या हातातला रुमाल खाली आला. हृदयाभोवतीची पिशवी रक्तानं तट्ट फुगली होती. आत हृदयातून निघणारी मोठी नस उभी फाटलेली. त्यांनी मुलीची मान पाहिली, उंची पाहिली. बाहेर येऊन नलूला विचारलं, "हिला पाळी यायची?"

"कधीच नाई आली." नलू बापाकडं वळली. "बाबा, तीन सालांआधी तुमी तिले सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेलतं. तो कागद?"

महादेवरावाचा हात अंगातल्या बंडीच्या खिशावर गेला. पोलिसांनी घरातली जयवंताची पेटी उघडायच्या आधीच त्यानं तो लपवला होता. नलूनं ओढून काढला. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचला : जन्मापासून एक एक्स क्रोमोसोम नाही, त्यामुळे उंची खुंटलेली, पाळी नाही; हृदयात अन् त्याच्या मोठ्या नसेत दोष, दर सहा महिन्यांनी तपासणीस आणणे.

"एकदाही नेलं नाई?" नत्थूनं दारात येऊन विचारलं.

"मोठीत असं हाये म्हनल्यावर धाकटीले कोन पत्करलं असतं?"

"म्हनून जहराचं नाव बरं? जित्तेपनी पोरीले लपवली अन् मेल्यावर तिच्याच माथी मारून राह्यले तुमी!" रक्तानं भरलेले हात तसेच पुढं करून नत्थू गरजला. हवालदार दोन पावलं मागं सरला. मग नत्थू नलूकडं वळला. "ऐक बाई. तुयी बहीन तुया लग्नापायी नाई गेली."

नलूनं डोळे पुसले नाहीत. "साहेब, काय निघालं ते लिवा, अन् मले नक्कल द्या. सोयऱ्याइले मीच वाचून दाखोतो."

महादेवराव ओरडला, "लग्न मोडन!"

"मोडू द्या."

डॉक्टर लिहायला दाराकडं वळले. नत्थूनं स्टूल आत ओढलं, प्रेताशेजारी ठेवलं.

"इथं बसून लिवा," तो म्हणाला.